हुकूम निघतो, वाढ होत नाही

मे १९००. मेहकरबाहेरचा रस्ता. गेल्या साली पावसानं दगा दिला. ज्वारी पोटऱ्यात येण्याआधीच करपली, कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही, आणि आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं बसून खडी फोडताहेत. तुम्हीही त्यांच्यातच बसला आहात. कारकून फूटपट्टी घेऊन खडीचा ढीग मोजतो, वहीत आकडा टाकतो, पुढं सरकतो. वऱ्हाड कागदावर अजून निजामाचं, कारभार मात्र १८५३ पासून इंग्रजांचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावहून आगगाडी धावते. खामगावला तर कापसासाठी १८७० मध्येच फाटा टाकला गेला. रूळ आहेत, गाड्या आहेत, धान्याचे दाणे मात्र इथवर येता येता महाग होतात. पुढच्या वर्षी शिरगणती होईल तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत शेकडा बाराच्या आसपास घटलेली दिसेल.

तुमच्या शेजारी एक मुलगी फुटलेली खडी टोपल्यात भरते आहे. तुम्ही तिच्या आईला वय विचारता.

“धा सालाची हाय,” आई सांगते. मान वर करत नाही.

तुम्हाला ती फार तर सहाची वाटली होती.

मुलीच्या बोटाला दगडाची कपची लागली आहे. रक्त येऊन सुकलंसुद्धा. त्याच ओरखड्यातून तुम्हाला आत जायचं आहे, म्हणून आता हातोडी खाली ठेवा आणि लहान व्हा, तांबड्या पेशीहून लहान. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उष्णता नव्हे, शांतता. जेवल्यावर रक्तात साखरेची, इन्सुलिनची जी धांदल उडते ती इथं नाही. सकाळी अंबाडीच्या पाल्यात कालवलेल्या मूठभर कण्या तिच्या पोटात गेल्या होत्या. त्यांचं काम केव्हाच आटोपलं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे, तिथं चला. तुमची अपेक्षा असेल की उपाशी पोरीची ही ग्रंथी थकून झोपली असेल. तसं काही नाही. ती जागी आहे, आणि ग्रोथ हॉर्मोनच्या लाटांवर लाटा सोडते आहे. भरल्या घरातल्या मुलाच्या रक्तात सापडेल त्याहून जास्त. केप टाऊनच्या डॉक्टरांना १९६०च्या दशकात कुपोषणानं सुजलेल्या मुलांच्या रक्तात हेच आढळेल आणि ते चक्रावतील. वाढीचा हुकूम निघाला आहे, ठसठशीत शिक्क्यानिशी. मग पोरगी वाढत का नाही?

हुकमाबरोबर वाहत यकृतापाशी या. ग्रोथ हॉर्मोनचा निरोप आत पोचवणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. इथं ते विरळ झालेत. जे शाबूत आहेत त्यांच्यावर हॉर्मोन येऊन बसतंही, पण निरोप आत पोचत नाही. यकृतानं हे रिसेप्टर राखावेत यासाठी इन्सुलिन लागतं; इन्सुलिन यायला जेवण लागतं; जेवण नाही. एरवी ग्रोथ हॉर्मोनचा निरोप मिळाला की यकृत आयजीएफ-१ नावाचं प्रथिन तयार करून रक्तात सोडतं. इन्सुलिनसारखा घडलेला वाढघटक तो हाच, आणि हाडांना लांब व्हायला सांगण्याचं बरंचसं काम तोच करतो. आज त्याचं उत्पादन जवळपास बंद आहे.

बिनकामाचं ठरलेलं ग्रोथ हॉर्मोन मग दुसऱ्या कामाला लागतं. कातडीखाली उरलीसुरली जी चरबी आहे ती सोडवायची, स्नायूंना त्यावर भागवायला लावायचं, साखर मेंदूसाठी राखायची. म्हणजे एकाच हॉर्मोनच्या दोन कामांपैकी वाढीचं काम यकृतानं अडवलं आणि जगवण्याचं चालू ठेवलं. हे पाहून तुम्हाला यकृताचा राग येईल. मला विचाराल तर या सगळ्या रस्त्यावर शहाणपणानं वागणारं तेवढं एकच खातं आहे. वरचा हुकूम पाळला असता तर पोरगी आषाढ पाहायला उरली नसती.

निघण्याआधी तिच्या गुडघ्यात डोकावून घ्या. मांडीच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती आहे. इथल्या पेशी रांगेनं एकावर एक रचलेल्या असतात; विभागतात, फुगतात, आपल्याभोवती कूर्चा तयार करतात आणि शेवटी हाडाला जागा करून देतात. उंची वाढते ती इथं. आज त्या रांगा आखूड झाल्यात, फुगणं थांबलंय. चकती मेलेली नाही, ती वाट पाहते आहे. कारकुनाच्या वहीत खडी आहे, मजुरी आहे, तारीख आहे. या चकतीसाठी रकाना नाही.

*

पुढचा टप्पा घाटावर नाही, साता समुद्रापार आहे. सेंट लुईस, अमेरिका, १९५७. तुम्ही पुन्हा माणसाएवढे झाला आहात आणि विल्यम सॅल्मन व विल्यम डॉघडे यांच्या टेबलाशी उभे आहात. टेबलावर उंदरांच्या बरगड्यांच्या कूर्चेचे तुकडे आहेत. या उंदरांची पीयूषिका आधीच काढून टाकलेली, म्हणून त्यांची वाढ थांबलेली. किरणोत्सारी गंधक घातलेल्या द्रवात हे तुकडे ठेवायचे आणि कूर्चा किती गंधक शोषते ते मोजायचं. कूर्चा तयार व्हायला सल्फेट लागतं, त्यामुळे गंधक शोषलं म्हणजे वाढ चालू झाली असं धरायचं.

सगळ्यांची समजूत अशी की ग्रोथ हॉर्मोन टाकलं की काम भागणार. ते दोघं टाकतात. कूर्चा जवळजवळ ढिम्म. मग साध्या, धडधाकट उंदराचं रक्तजल टाकतात, आणि कूर्चा गंधक ओढू लागते. पीयूषिका नसलेल्या उंदराचं रक्तजल टाकलं तर परत काही नाही. पण त्याच उंदराला काही दिवस ग्रोथ हॉर्मोन टोचून मग त्याचं रक्तजल घेतलं, तर चालतं! हॉर्मोन कूर्चेशी थेट बोलत नव्हतं. मध्ये कुणी तरी होतं. त्या मधल्याला त्यांनी ‘सल्फेशन फॅक्टर’ म्हटलं, १९७२ मध्ये त्याचं ‘सोमॅटोमेडिन’ झालं. १९७८ मध्ये झुरिकच्या रिंडरक्नेख्त आणि हुंबेल यांनी त्याची पुरती रचना उलगडली: ७० अमिनो आम्लांची साखळी, इन्सुलिनशी चेहरामोहरा जुळणारी. तिची बहीण आयजीएफ-२, ६७ अमिनो आम्लांची. आडनाव तेव्हा पक्कं झालं.

मधल्या काळात इस्रायलमध्ये झ्वी लारोन यांच्याकडे काही मुलं येत होती. उंचीनं अतिशय ठेंगणी, रक्तात ग्रोथ हॉर्मोन मात्र भरपूर. १९६६ मध्ये त्यांनी हा आजार जगापुढं मांडला. या मुलांच्या जनुकातच बिघाड होता. ग्रोथ हॉर्मोनचा रिसेप्टर सदोष, म्हणून यकृत कितीही निरोप आले तरी बहिरं. मेहकरच्या पोरीच्या बाबतीत जे काम भुकेनं केलं ते इथं जनुकानं केलं होतं. फरक एवढाच की भुकेवर उपाय भाकरी आहे. लारोनच्या मुलांना भाकरीनं फरक पडत नव्हता, त्यांना थेट आयजीएफ-१ द्यावं लागणार होतं. ते औषध बाजारात यायला २००५ उजाडलं.

*

१९७३. परत घाटावर. देऊळगाव राजाकडच्या एका पाझर तलावाचं काम. दुष्काळ यंदाही तेवढाच कोरडा, पण त्याच्याभोवतीचा कारभार बदललेला आहे. हजेरीपट आहे, आठवड्याचा पगार आहे, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आहे, जिची भाकरी थापताना बाया कपाळावर आठ्या घालतात. आणि पोरांसाठी सुकडी आहे. गोडसर, भरड, हातावर घेऊन चाटायची. तुम्हालाही कुणी तरी मूठभर देतं. खाऊन बघा; भुकेल्या माणसाला ती कशी लागत असेल याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

आता समोर बसलेल्या मुलाच्या आत जा. महिनाभर तो रोज इथं खातो आहे. पीठ आहे, गूळ आहे, थोडं प्रथिन आहे. उष्मांक आणि प्रथिन दोन्ही लागतात, एकट्यानं भागत नाही. खाल्ल्यामुळे इन्सुलिन वर आलं, यकृतावर रिसेप्टर पुन्हा उगवले आणि काही दिवसांतच आयजीएफ-१चं उत्पादन सुरू झालं. उपास पडला की त्याची पातळी जशी दिवसांच्या हिशोबात खाली येते, तशीच अन्न आल्यावर दिवसांच्या हिशोबात वर चढते. हाडाची लांबी मोजायला महिने जावे लागतात. रक्त त्याआधीच सांगून टाकतं.

यकृतातून नुकत्याच सुटलेल्या एका आयजीएफ-१ रेणूला धरून राहा. तुम्ही दोघं रक्तात पडता आणि लगेच तुम्हाला कुणी तरी कवेत घेतं. हे आहे आयजीएफबीपी-३, आयजीएफला धरून ठेवणाऱ्या सहा प्रथिनांपैकी सर्वांत मोठा वाटा उचलणारं. पाठोपाठ तिसरं एक प्रथिन येऊन बिलगतं. आता हे त्रिकूट इतकं थोराड झालंय की रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडणं कठीण. वऱ्हाडात ज्वारी पेवात भरून वर माती लिंपायचे आणि लागेल तशी काढायचे, तसा शरीराचा बहुतेक आयजीएफ-१ या कवेत साठवलेला असतो. मोकळा सोडला तर दहा-बारा मिनिटांत नाहीसा होणारा रेणू इथं कित्येक तास टिकतो. ही सोय नसती तर अनर्थ झाला असता. रक्तात आयजीएफचे रेणू इन्सुलिनच्या कितीतरी पट असतात, आणि नात्यामुळे ते इन्सुलिनच्या रिसेप्टरवरही थोडेफार बसू शकतात. सगळे एकदम मोकळे सुटले तर साखर धाडकन खाली येऊन पोरगं बेशुद्ध पडेल.

मग बाहेर कसं पडायचं? ज्या ऊतीला गरज असते तिथं कातरणारी प्रथिनं असतात. ती कवेचे तुकडे करतात आणि आयजीएफ मोकळा होतो. तुमचा रेणू असाच सुटतो, केशवाहिनीतून पाझरून कूर्चेच्या चकतीपाशी येतो. समोर रिसेप्टर.

इथं जरा थांबा, कारण हे यंत्र बघण्यासारखं आहे. दोन सारख्या अर्ध्यांची ही जोडी. प्रत्येक अर्ध्याचा अल्फा भाग पेशीबाहेर, बीटा भाग पडद्यातून आरपार आत गेलेला. रेणू नसतो तोवर बाहेरचे भाग आतल्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतात. तुमचा आयजीएफ-१ खाचेत जाऊन बसतो, एवढ्या मोठ्या जोडीला एक रेणू पुरतो, आणि सगळी रचना वळते. आतले दोन बीटा समोरासमोर येतात आणि एकमेकांच्या टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवू लागतात. खरं काम त्या क्षणी सुरू होतं. बाहेरचा रेणू पेशीत गेलाच नाही, त्यानं आतल्या दोघांना फक्त भेटवलं.

फॉस्फेट लागलेल्या जागांवर आयआरएस-१ नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि निरोप दोन वाटांनी फुटतो. एक वाट पीआय-३ कायनेज आणि एकेटी यांच्याकडून जाते: प्रथिनं बनवा, मरू नका. दुसरी रॅस आणि मॅप कायनेजच्या साखळीतून केंद्रकापर्यंत जाते: विभागा. चकतीतल्या रांगा हलतात. पेशी फुगतात, भोवती कूर्चा जमते. सॅल्मन आणि डॉघडे जे गंधक मोजत होते ते जातं इथंच.

एक गोष्ट मात्र सांगून टाकायला हवी, नाहीतर यकृताला फुकटचं सगळं श्रेय मिळेल. १९९९ मध्ये असे उंदीर तयार केले गेले ज्यांचं यकृत आयजीएफ-१ बनवूच शकत नव्हतं. रक्तातली पातळी तीन चतुर्थांशांनी घसरली, पण उंदीर जवळपास नेहमीएवढेच वाढले. कूर्चा, स्नायू, इतर ऊती आपापल्या पुरता आयजीएफ स्वतःही करतात. म्हणून रक्तातला आकडा म्हणजे वाढ नव्हे. तो पोषणाचा आणि हॉर्मोनच्या हुकमाचा एकत्रित निकाल सांगतो, बस्स.

समोरचं पोरगं आता झपाट्यानं वाढेल. मागं पडलेली मुलं अन्न मिळाल्यावर वयाला साजेशा वेगाच्या कितीतरी पुढं धावतात. प्राडर, टॅनर आणि फोन हार्नाक यांनी १९६३ मध्ये या धावेला ‘कॅच-अप ग्रोथ’ म्हटलं होतं. पण ही धाव सगळं परत मिळवून देईलच असं नाही. भूक किती लहान वयात आली आणि किती टिकली यावर ते ठरतं. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत गमावलेलं बहुधा पुरतं भरून येत नाही.

*

म्हणून आईच्या पोटात जायला हवं. त्यासाठी फार लांब नको, सिंदखेडराजा. साल मात्र १५९८, पौषी पौर्णिमा. लखुजी जाधवरावांच्या वाड्यात मशाली पेटल्यात, लोकांची ये-जा चालू आहे. जिजाऊंच्या जन्माची ही रात्र. गर्दीत तुम्ही खेटून जाता, पण वाड्यात शिरत नाही. कुंभारवाड्यातल्या एका घरी दुसरी एक बाई अवघडून बसली आहे, तिसरं बाळंतपण, दिवस भरत आलेले. तिच्या गर्भापर्यंत चला.

इथले नियम वेगळे आहेत. बाळाची स्वतःची पीयूषिका ग्रोथ हॉर्मोन करते, पण पोटातल्या वाढीला ते जवळजवळ लागतच नाही. लारोनची मुलं जन्मतात तेव्हा फारशी लहान नसतात, याचं कारण हेच. इथं कारभार आयजीएफ-२ आणि आयजीएफ-१ यांच्या हाती आहे, आणि आयजीएफ-१ची नाडी थेट अन्नाशी बांधलेली. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाला मिळते, बाळाचं इन्सुलिन वर येतं, त्याबरोबर आयजीएफ-१. आई उपाशी राहिली की हीच साखळी उलटी. १९९३ मध्ये उंदरांवर केलेल्या कामात आयजीएफ-१ काढून टाकल्यावर पिल्लं जन्मली ती नेहमीच्या साठ टक्के वजनाची. आयजीएफ-१चा रिसेप्टरच काढला तर पंचेचाळीस टक्के, आणि ती पिल्लं श्वास न घेता आल्यानं जन्मताच मेली.

आयजीएफ-२चा किस्सा तर भाऊबंदकीचा आहे. या जनुकाच्या दोन प्रती बाळाकडे असतात, एक आईची, एक बापाची. पण बोलते फक्त बापाची. आईची मुकी करून ठेवलेली. आयजीएफ-२साठी वेगळा एक रिसेप्टर असतो, जो निरोप आत पोचवत नाही. तो आयजीएफ-२ला पकडतो, पेशीत ओढतो आणि मोडून टाकतो. उंदरांत या मोडणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकाची बोलती प्रत असते आईची! दोन्ही गोष्टी १९९१ मध्ये उघड झाल्या. त्याच वर्षी मूर आणि हेग यांनी याचा अर्थ लावला की बापाचं जनुक बाळाला मोठं करू पाहतं, आईचं जनुक आईला पुढच्या बाळंतपणासाठी वाचवू पाहतं, आणि ही रस्सीखेच वारेत चालते. ऐकायला गोष्ट रंगतदार आहे आणि तिच्या बाजूनं पुरावाही आहे. माणसात हा मोडणारा रिसेप्टर उंदरातल्याइतका एकतर्फी वागत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. आयजीएफ-२चं मौन बिघडलं तर काय होतं ते डॉक्टर पाहतात: जास्त बोललं तर बेकविथ-वीडेमान विकारातलं थोराड बाळ, बोललंच नाही तर सिल्व्हर-रसेल विकारातलं चिमुकलं.

आणि आईचा देहही आपली मर्यादा घालतोच. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी इंग्लंडात धिप्पाड शायर घोडे आणि बुटके शेटलंड पोनी यांचा संकर केला. आईबापांच्या जाती त्याच, फक्त अदलाबदल. शायर घोडीच्या पोटी शिंगरू मोठं झालं, पोनीच्या पोटी लहान. पोट आईचं, माप आईचं. कुंभारवाड्यातली बाई हाताच्या आधारानं उठते. तिच्या आईनं कोणता दुष्काळ पाहिला होता ते तिला विचारायला वेळ नाही; कळा सुरू झाल्यात.

सिंदखेडराजाहून लोणार जवळच आहे. जाता जाता विवराच्या काठावर उभे राहा, २०२० सालच्या जूनमध्ये. तळं गुलाबी झालं आहे. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया जीवाणूसदृश जीवांनी हा रंग चढवला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. या जीवांत इन्सुलिन नाही, आयजीएफ नाही. एकट्या पेशीला वाढायचं तर ती वाढते, कुणाची परवानगी लागत नाही. अब्जावधी पेशी एका देहात नांदू लागल्या तेव्हा प्रश्न उभा राहिला की अन्न आलं हे सगळ्यांना कळवायचं कसं, आणि कुणी किती वाढायचं. इन्सुलिनचं घराणं त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते कृमींत आहे, माशांत आहे, लोणारच्या काठावरच्या मोरांत आहे. पायाखालचा साडेसहा कोटी वर्षांचा काळा कातळ ओतला गेला त्याच्या किती तरी आधीपासून आहे.

*

पुणे, १९९३. रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी जवळपासच्या सहा गावांतल्या बायकांची मापं घेऊ लागले आहेत, गर्भार राहण्याच्याही आधीपासून. तुम्ही त्यांच्याबरोबर जीपमधून जाता. बाळं जन्मतात तेव्हा सरासरी वजन भरतं २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण नुसतं वजन पाहून भागत नाही. हात काटकुळे, पोटाचा घेर लहान, स्नायू कमी, आणि पाठीवरची चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळाइतकी राखलेली. ‘थिन-फॅट’ बाळ. जिथं काटकसर करायची तिथं स्नायूंवर केली, चरबीला हात लावला नाही. ज्या आयांनी हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं जास्त खाल्ली त्यांची बाळं थोडी मोठी, असंही याच अभ्यासात दिसलं.

आणि आयजीएफ? १९९५ मध्ये पुण्यातल्या चार वर्षांच्या २०० मुलांच्या आणि इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या सात वर्षांच्या मुलांच्या अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला. जी मुलं आज उंच आणि वजनदार त्यांचा आयजीएफ-१ जास्त, हे सरळच आहे. पण आजचं आकारमान हिशोबात धरलं तर जन्मताना लहान असलेल्यांचा आयजीएफ-१ उलट जास्त निघाला. पोटात ज्यांना कमी मिळालं त्यांचं शरीर पुढं जोर लावत होतं. हा जोर चांगला की वाईट? दोन्ही. उंची भरून काढायला तो लागतो. पण काटकुळ्या स्नायूंच्या देहात पुढं वजन झपाट्यानं चढलं तर मधुमेहाची वाट सोपी होते, आणि याज्ञिकांचं सगळं काम त्याच वाटेवरचं आहे.

वाढघटकाला फक्त चांगला म्हणायची सवय म्हणूनच मला खटकते. आयजीएफ-१ जास्त असलेल्या प्रौढांत स्तनाच्या, प्रोस्टेटच्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका थोडा जास्त आढळतो. इक्वेडोरमधल्या लारोन विकाराच्या लोकांत कर्करोग आणि मधुमेह जवळपास दिसत नाही, असं ग्वेव्हारा-अगिर्रे आणि लाँगो यांनी २०११ मध्ये सांगितलं. पेशीला ‘वाढ, मरू नको’ म्हणणारा निरोप कर्करोगाच्या पेशीलाही हवाच असतो. तो रिसेप्टर बंद करणारी औषधं कर्करोगावर करून पाहिली गेली आणि बहुतेक फसली. त्याच जातीचं एक औषध २०२० मध्ये थायरॉइडमुळे डोळे बाहेर येण्याच्या विकारावर मात्र लागू पडलं. आणि आपल्याकडं जिममध्ये कुणी तरी कुणाला तरी आयजीएफची सुई घ्यायला सांगत असतं, टीव्हीवर उंची वाढवणारी पावडर दुधात ढवळली जात असते. वाढीच्या चकत्या मुलींत पंधराच्या, मुलांत सतराच्या आगेमागे बंद होतात. बंद झालेल्या चकतीवर कुठलीच पावडर चालत नाही. उघड्या चकतीला पावडरपेक्षा डाळ, अंडं, दूध आणि पोटातल्या जंतांवरची गोळी स्वस्त पडते.

*

आता शेवटचं ठिकाण. आजचं साल, मेहकर तालुक्यातली एक अंगणवाडी. भिंतीला उंची मोजायची पट्टी लावलेली आहे. ताई पाच वर्षांच्या एका पोरीला पट्टीला टेकवून उभी करते, टाचा भिंतीला लावते, डोक्यावर फळी ठेवते. आकडा मोबाइलमध्ये भरते आणि पडद्यावर लाल रंग येतो. वयाच्या मानानं उंची कमी. तुम्ही कोपऱ्यात सतरंजीवर बसून पाहताय.

पोरीला घेऊन आजी आली आहे. लाल रंग तिलाही दिसतो. “आमच्या घरचे सारे बुटकेच हायेत माय,” ती म्हणते. “मी पा, इचा बाप पा. रक्तच तसं हाय.”

“आजी, तुमचा जन्म कोन्त्या सालचा?”

“बहात्तरच्या दुष्काळातला. माय सांगे, मी पोटात होती तवा ते रोज खडी फोडाले जाय.”

ताई यावर काही बोलत नाही. तिला आयजीएफ ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि मेहकरमध्ये तिची वाट अडवून बसलेलं काम पुष्कळ आहे. पण मोठ्या शहरातला हॉर्मोनचा डॉक्टरही असं मूल समोर आलं की रक्ताची चिठ्ठी लिहिण्याआधी जे विचारेल, तेच ती विचारते.

“इनं सकाळी काय खाल्लं?”

“च्यात बुडवून दोन बिस्किटं,” आजी सांगते.